पंचेचाळीस अंशांची पिशवी

बेंगळुरूच्या कोरमंगलात पार्सलांना तोटा नाही. फ्लिपकार्टचा जन्मच 2007 साली इथल्या एका फ्लॅटमधला. मोठ्या खोक्यांना आवळलेली प्लॅस्टिकची पॅकिंग पट्टी आपण कचऱ्यात टाकतो. टाकण्याआधी तिची रुंदी मोजा. बरेचदा ती 12 मिलिमीटर भरते.

आता इटलीतल्या विचेंझाला जाऊ. 1966 साली तिथे सुरू झालेल्या बोत्तेगा वेनेता या कंपनीची शिलाई यंत्रं जाड चामडं शिवायला उपयोगाची नव्हती, असं सांगतात. म्हणून कारागिरांनी पातळ, मऊ चामडं घेतलं. ते टिकावं कसं? तर पट्ट्या कापून विणायच्या! ही वीण म्हणजे ‘इंत्रेच्चातो’. पिशवीवर नाव ठळक छापायची गरजच उरली नाही, आणि किंमत गेली लाखांत.

विणल्याने ताकद येते कुठून? अखंड चामड्याला चीर गेली की ती पुढे पळत सुटते. विणीत ती पट्टीच्या काठाशी थबकते, कारण शेजारची पट्टी वेगळीच असते. शिवाय जिथे जिथे पट्ट्या एकमेकींवरून जातात, तिथे त्या एकमेकींना दाबून घर्षणाने धरून ठेवतात. आपल्या आत्या-मावश्यांच्या वायरच्या पिशवीत गाठी तरी असायच्या. इथे एकही नाही.

पण खरी गंमत दिशेत आहे. सुती रुमालाच्या समोरासमोरच्या कडा धरून ओढा. फारसा ताणत नाही. आता समोरासमोरचे कोपरे ओढा. लांबतो की! धागे होते तेवढेच राहतात, विणीतल्या चौकोनांचे मात्र शंकरपाळे होतात. इंत्रेच्चातोही अशीच तिरकी, 45 अंशांत. त्या पिशवीच्या लवचिकपणात याचा वाटा आहे.

पॅकिंग पट्टीने हे घरी जमतं. सव्वा मीटरच्या 32 पट्ट्या घ्या. 16 उभ्या, 16 आडव्या, एक वर-एक खाली अशी बरोबर मधोमध चटई विणा. साधारण 19 सेंटिमीटरचा चौकोन होईल. कडांना कपड्यांचे चिमटे लावा. साध्या टोपलीत चौकोनाचे कोपरे तेच तळाचे कोपरे, आणि भिंतींसाठी नव्या आडव्या पट्ट्या घालाव्या लागतात. तसं करू नका. प्रत्येक बाजूच्या मध्यावर कोपरा काढा. मध्याच्या डावीकडच्या आठ आणि उजवीकडच्या आठ पट्ट्या एकमेकींत विणा. चौकोनाचे मूळ कोपरे आपोआप उभे राहून भिंतींत सामील होतात, तळ निम्म्या क्षेत्रफळाचा उरतो, आणि त्याच पट्ट्या तिरक्या वर चढत एकमेकींना विणत जातात. भिंतींसाठी एकही नवी पट्टी लागत नाही! भूमितीने केलेली ही सोय मला अजून चमत्कारच वाटते. शेवटी टोकं आत वळवून विणीत खोचायची, वरून दोन बंद ओवायचे.

एक वर-एक खाली ही वीण हजारो वर्षं जुनी. तरी 2013 साली अमेरिकेत बोत्तेगा वेनेताचा दावा मान्य झाला, पण तो सरसकट विणीवर नव्हता. चामड्याच्या, 8 ते 12 मिलिमीटर रुंद, 45 अंशांत तिरक्या पट्ट्या, एवढंच त्यांचं व्यापारचिन्ह. आपल्या पिशवीच्या पट्ट्यांची रुंदी त्यात बसते, कोनही बसतो. नसतं ते फक्त चामडं. मडिवाळ्याच्या बाजारातून भर पावसात भाजी आणायची तर ते नसलेलंच बरं.