गाळणी आणि कणसरी

आश्विन वद्य द्वादशीला शहरातल्या मराठी घरांत वसुबारस असते. त्याच तिथीला पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा आणि जव्हार तालुक्यांतल्या पाड्यांवर वाघबारस असते. शिवेवर लाकडाचा किंवा दगडाचा उभा वाघदेव असतो. त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र आणि सूर्य. त्या दिवशी त्याला नवा शेंदूर चढतो, नारळ फुटतो, कोंबडा दिला जातो. वर्षभर रानात गुरे चारणारे गुराखी या पूजेत पुढे असतात. एकीकडे गाय-वासराला ओवाळतात, दुसरीकडे गाईवर झडप घालणाऱ्याला हात जोडतात. काळजी दोन्हीकडे गुरांचीच असते.

या शेंदरी वाघाला कोणता शब्द लावायचा? पुस्तकी मराठीत ‘पवित्र’ हा शब्द तयार आहे आणि आपण तो सहज वापरतो. पण त्याचा इतिहास पाहिला, की तो या शिवेवर नीट बसत नाही असे दिसते.

‘पवित्र’ची मुळे ऋग्वेदात आहेत. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात सोमाची ११४ सूक्ते आहेत. दगडांनी ठेचून काढलेला सोमाचा रस मेंढीच्या लोकरीतून गाळत असत. त्या लोकरीच्या गाळणीचे नाव ‘पवित्र’. ‘पू’ म्हणजे स्वच्छ करणे, आणि ‘इत्र’ हा साधन दाखवणारा प्रत्यय. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात हा प्रत्यय सांगितला आहे. त्यातूनच होडी चालवायचे अरित्र, खणायचे खनित्र, कापणीचे लवित्र आणि आपल्या रोजच्या बोलण्यातले चरित्र हे शब्द तयार झाले. ‘पू’ धातूसाठी मात्र त्याने पुढे दोन स्वतंत्र सूत्रे दिली, त्यांतले एक ऋषी आणि देवता यांच्यासाठी. म्हणजे पाणिनीच्या काळापर्यंत हा शब्द गाळणीपुरता राहिला नव्हता, देवापर्यंत पोचला होता.

वस्तूची खूण तरीही पुरती पुसली गेली नाही. धर्मकृत्याच्या वेळी बोटात घालायच्या दर्भाच्या अंगठीला ‘पवित्रक’ म्हणतात. श्रावणी पौर्णिमेला देवाला वाहायचे आणि मनगटाला बांधायचे सुताचे ‘पोवते’ हे त्याच पवित्रकाचे मराठी रूप. त्यावरून त्या पौर्णिमेला ‘पोवती पौर्णिमा’ हे नाव पडले. लोकर, दर्भ, सूत अशी साधने बदलत गेली, पण शब्दाचा रोख तोच राहिला. गाळ खाली राहावा, स्वच्छ तेवढे पलीकडे जावे. सोवळे-ओवळे, विटाळ, शिवाशिव ही सगळी व्यवस्था याच कल्पनेवर उभी राहिली. तिने माणसांनाही गाळून बाजूला काढले, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

सगळीकडे पावित्र्याची कल्पना गाळण्यातूनच आली असे मात्र नाही. लॅटिनमधला ‘साकेर’ हा शब्द देवासाठी वेगळे काढलेल्या गोष्टीला लागायचा, आणि शापित माणसालाही. इंग्रजीतला ‘होली’ अखंडपणा सांगणाऱ्या शब्दांच्या कुळातला. अवेस्तातला ‘स्पेंत’ याहून निराळा. अभ्यासक त्याचे नाते फुगणे, वाढणे, भरून येणे या अर्थाच्या मुळाशी जोडतात. ज्याच्यामुळे वाढ होते ते स्पेंत. त्याच शब्दाने ज्यांचे धर्मग्रंथ भरलेले आहेत त्या पारशांनी आपला इराणशाह अग्नी एके काळी बाहरोटच्या डोंगरातल्या गुहांत लपवून ठेवला होता. तो डोंगरही आजच्या पालघर जिल्ह्यातच आहे.

या पाड्यांवरच्या वारली आणि कोकणा समाजांतली देवतांची नावे पाहिली तर ती ‘पवित्र’पेक्षा या ‘स्पेंत’च्या जवळची वाटतात. ती धान्यातून, पाल्यातून आणि पावसातून आली आहेत. वारली गाण्यांत तीन आया येतात: धरतरी म्हणजे जमीन, कणसरी म्हणजे धान्य आणि गावतरी म्हणजे गाय. धरतरीत धरित्री ऐकू येते, कणसरीत कणीस. पाऊस देणारा नारनदेव, शिवाय हिरवा देव, वाघदेव. सोवळ्याची आठवण व्हावी असे एकही नाव यांत नाही.

कणसरीची लांबलचक कथा आहे, आणि ती थाळीवर गातात. काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने एक बारीक काडी उभी चिकटवतात. ओल्या बोटांनी ती काडी वरून खाली ओढली, की थाळीतून एकसुरी घुमारा निघतो. त्या सुरावर भगत, म्हणजे पाड्याचा पुजारी, रात्रभर कथा सांगत जातो. ऐकणारे भात, नागली आणि वरई पिकवणारे लोक असतात. त्यांची नागली-वरई डोंगराच्या उतारावर, पातळ मातीत, निव्वळ पावसाच्या भरवशावर येते. याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ साली कुपोषणाने मुले दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. त्या मुलखात धान्याला आई म्हणणे ही कविकल्पना नव्हे, ती जगण्याची खूण आहे.

तिथे नियम आहेत आणि ते कडकही आहेत. पहिल्या पावसानंतर रानात कोळीची भाजी उगवते. ती देवाला दाखवल्याशिवाय खायची नाही. नवा भात तयार झाला तरी पूजेआधी तोंडात घालायचा नाही. बाहेरच्याला यात सोवळेपणा दिसेल. पण इथे कोणी भाजीला शिवले म्हणून ती बाटत नाही. थांबायचे असते ते वाढ पुरी होईपर्यंत, आणि पहिला वाटा देणाऱ्याला पोचेपर्यंत. उगवता कोंब पोट भरण्यासाठी लगेच खुडू नये, यातले शहाणपण शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

वाढीला देव मानण्याची ही कल्पना सर्वांत स्पष्ट दिसते ती वारल्यांच्या लग्नाच्या चौकात, म्हणजे लग्नघरातल्या भिंतीवरच्या चित्रात. घराच्या आत, कुडाच्या भिंतीवर शेण आणि गेरूचा हात फिरवलेला असतो. तांदूळ वाटून पाण्यात कालवतात, बांबूच्या काडीचे टोक चघळून कुंचली करतात. सवासणी मिळून चौक ‘लिहितात’. चौक काढतात किंवा रंगवतात असे तिथे म्हणत नाहीत, लिहितात. आधी चौकोनाच्या नक्षीदार कडा भरतात, मग सूर्य, चंद्र, फणी, शिडी, घोडा, आणि मधोमध पालघट देवी. पाला आणि घट, म्हणजे हिरव्या पाल्याने ओसंडणारा घडा, अशी या नावाची फोड करतात. शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या देव. लिहून झाला की चौकावर कापड टाकतात. भगताच्या अंगात देव आला, त्याला देवी दिसली, की कापड दूर होते. धवळेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. ती गाणी म्हणत लग्न लावते. ब्राह्मण लागत नाही, मंत्र लागत नाहीत. धवळेरीच्या नावातला ‘धवळ’ म्हणजे लग्नाचे गाणे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने रचलेले ‘धवळे’ मराठीच्या आरंभीच्या कवितेत मोजले जातात. वाङ्मयाच्या इतिहासात आपण ज्याला जुने म्हणून मान देतो, तो शब्द वारली घरांत एका बाईच्या अधिकाराचे नाव म्हणून आजही जिवंत आहे. माझ्या मते मराठीच्या अभ्यासकांनी याची पुरेशी दखल घेतलेली नाही.

के. जे. सावे यांनी १९४५ साली वारल्यांवर पुस्तक लिहिले. यशोधरा डालमिया यांनी १९८८च्या आपल्या ग्रंथात पालघट देवीकडे भूमीच्या आणि वाढीच्या देवतेच्या अंगाने पाहिले. दरम्यान १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही चित्रकला कागदावर आली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली आणि २०११ साली पद्मश्री मिळवली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. हे सगळे चांगलेच झाले, कारण हातात पैसा आला. मात्र बाजारात गेली ती नाचणारी माणसे आणि तारपा हे वाद्य. आता ती कपांवर, पडद्यांवर आणि रेल्वे स्टेशनांच्या भिंतींवर दिसतात. पालघट भिंतीवरच राहिली, आणि ती भिंत आता सिमेंटची होत चालली आहे.

दिवाळी उरकली की मोखाडा-जव्हारमधली अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीला जातात. शिमग्याला मात्र घराकडे पाय वळतात. मग गावोगावी बोहाडा सुरू होतो. सांबळ आणि सनईच्या तालावर, मशालींच्या उजेडात मुखवटे घातलेले देव आणि राक्षस रात्रभर नाचतात. गणपती, मारुती, नरसिंह, रावण, त्राटिका येतात, आणि शेवटी जगदंबा व महिषासुराची लढाई होते. प्रत्येक मुखवट्याला ‘सोंग’ म्हणतात. एरवी मराठीत सोंग म्हणजे खोटेपणा. इथे सोंग समोर आले की बाया मुलांना त्याच्या पायांवर घालतात. काही सोंगे ठरावीक घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. वर्षभर मुखवटा घरात देवासारखा जपतात, आणि मजुरीला गेलेला माणूस त्याच्यासाठी गावी परततो.

कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ साली आला. ‘पवित्र’सारख्या शब्दांची कुळकथा सांगायला आपल्याकडे कोश आहेत, संस्कृतचे पंडितही आहेत. कणसरी, पालघट, धवळेरी आणि सोंग यांच्याकडे पाहणारे अभ्यासक त्यामानाने फार थोडे, आणि ज्या बायकांना चौकाची गाणी पूर्ण येतात त्यांचे वय झाले आहे. जव्हार आणि मोखाड्यातल्या आश्रमशाळांत शिकणाऱ्या मुलामुलींच्याच आज्या त्या. शिक्षकांनी या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना एवढेच काम द्यावे. आजीला विचारून एक गाणे, त्यातले देव, त्यातल्या झाडांची नावे आणि तिने सांगितलेले अर्थ तिच्याच बोलीत वहीत उतरवून आणायला सांगावे.