ब्रिटिश ‘स्लँग’ आणि अस्सल पुरावा

(१)

दप्तराची भाषा कागदांत टिकते. परंतु बाजारांत, छावणींत, गुत्त्यांत आणि गलबतावर जी भाषा रोज बोलली जाते ती कागदावर क्वचितच उतरते. इंग्रज लोक आपल्या अशा बोलीस ‘स्लँग’ म्हणतात. केवळ ग्राम्य किंवा अशिष्ट भाषा असा ह्या शब्दाचा अर्थ नव्हे. एका टोळीनें, धंद्यानें किंवा पलटणीनें आपसांत बोलण्यासाठीं घडविलेले व पुढें इतरांनींही उचललेले शब्द, असें तिचें थोडक्यांत लक्षण करतां येईल. आमच्याकडे गुरांच्या व कापडाच्या बाजारांत रुमालाखालीं बोटांनीं भाव ठरवितात, किंवा महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ व सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले, त्यांशीं हिचें एका अंगानें साम्य आहे. आपलें तें आपल्यांतच रहावें, हा हेतु तिन्हींकडे दिसतो. भेद इतकाच कीं लिपी पोथींत राहिली, स्लँग तोंडोंतोंडीं पसरली. आणि जें तोंडोंतोंडीं पसरतें त्याच्याभोंवतीं दंतकथांचें रान माजतें. हें रान तोडून अस्सल पुराव्यापर्यंत कसें पोंचावें, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

विद्वानांनीं ह्या बोलीची प्रथम उपेक्षाच केली. डॉ. जॉन्सन ह्यांनीं १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंत श्रमजीवी व व्यापारी लोकांची क्षणभंगुर शब्दसंपत्ति जतन करण्यास अपात्र ठरविली. त्यानंतर तीसच वर्षांनीं, १७८५ सालीं, फ्रान्सिस ग्रोस ह्यांनीं त्याच हलक्या बोलीचा स्वतंत्र कोश छापला. हे ग्रोस मूळचे पुराणवस्तूंचे अभ्यासक. पडके किल्ले व मठ ह्यांचीं चित्रें काढून त्यांचीं वर्णनें प्रसिद्ध करणारे. भग्न बुरुजाइतकाच गुत्त्यांतला शब्दही जतन करण्याजोगा आहे, हें एका पुराणवस्तुसंशोधकास प्रथम उमगावें, ह्यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

(२)

ही बोली रोजच्या व्यवहारांत कशी चालते तें प्रथम पाहूं. लंडनच्या फेरीवाल्यांचे शब्द उलटे करून बोलण्याचे प्रकार हेन्री मेह्यू ह्यांनीं १८५१ च्या सुमारास टिपून ठेविले आहेत. पेनी ह्या नाण्यास ते ‘येनेप’ म्हणत. ‘बॉय’ म्हणजे मुलगा. तो उलटून झालेला ‘यॉब’ शब्द आज उनाड, दांडगट तरुण ह्या अर्थीं वृत्तपत्रांतही आढळतो.

यमकाचा प्रकार ह्याहून चमत्कारिक आहे. जॉन कॅम्डेन हॉटन ह्यांनीं १८५९ च्या आपल्या कोशांत त्याची नोंद केली. जिन्याला ‘स्टेअर्स’ न म्हणतां त्याच्याशीं जुळणारें ‘अ‍ॅपल्स अँड पेअर्स’ म्हणावयाचें, ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीस यमकाचा शब्दच गाळतात. ‘लुक’ म्हणजे पाहणें. त्यास यमक ‘बुचर्स हुक’, म्हणजे खाटकाचा आंकडा. त्यांतला आंकडा गळून उरलें नुसतें ‘बुचर्स’. ‘हेड’ म्हणजे डोकें; त्यास यमक ‘लोफ ऑफ ब्रेड’, म्हणजे पावाची लादी; उरला ‘लोफ’. ‘आपली लादी वापर’ असें इंग्रज बाप मुलास म्हणतो तेव्हां त्यास डोकें चालविण्यास सांगत असतो. ‘लाईज’ म्हणजे थापा. त्यांचें ‘पोर्क पाईज’ झालें आणि पुढें लाडानें ‘पोर्कीज’. ‘तूं खोटें बोलतोस’ असें म्हटलें तर भांडण जुंपावें. ‘तूं पोर्कीज सांगतोस’ म्हटलें तर दोघेही हंसून मोकळे होतात. कडू बोल गोड करणें हा ह्या बोलीचा एक नित्याचा उपयोग होय.

पोथीचें शेवटचें पान गहाळ व्हावें व ग्रंथकर्त्याचें नांवच नाहींसें व्हावें, तशी यमक गाळल्यानें ह्या शब्दांची स्थिति होते. बोलणारास मूळ ठाऊक नसतें. ‘बर्क’ हा शब्द मूर्ख ह्या अर्थीं भल्या घरचीं माणसेंही सहज उच्चारतात. त्याचें मूळ यमक इतकें अश्लील आहे कीं तें समजल्यास त्यांतील कित्येक कानांवर हात ठेवतील.

(३)

ह्या बोलीचा एक मोठा झरा आमच्याच भूमींतून वाहिला आहे. हिंदुस्थानांत राहिलेले गोरे शिपाई येथील शब्द घेऊन मायदेशीं गेले. ‘देखो’चें ‘डेको’ झालें. ‘हॅव अ डेको’ म्हणजे जरा पहा. बाजारांतला ‘बुचर्स’ आणि छावणींतला ‘डेको’ असे एकाच अर्थाचे दोन शब्द पुढें शेजारीं नांदूं लागले. रोटीची ‘रूटी’ झाली, व दीर्घ नोकरीबद्दल मिळणाऱ्या पदकास ‘रूटी गाँग’ म्हणूं लागले. इतकीं वर्षें सरकारची रोटी खाल्ली त्याचें तें पदक! ‘बक्षीस’ हा आमच्या सनदांतला भारदस्त शब्द ‘बकशी’ होऊन फुकट मिळालेल्या वस्तूस लागला. मात्र हा शब्द त्यांच्या कानीं इजिप्तांतही पडत असे, सबब त्याचें श्रेय एकट्या हिंदुस्थानास देतां येत नाहीं.

‘विलायत’ ह्या शब्दाचा प्रवास अधिक हृदयस्पर्शी आहे. ‘बिलायती’चें ‘ब्लायटी’ झालें. यूल व बर्नेल ह्यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत सोडावॉटरला ‘बिलायती पानी’ म्हणत अशी नोंद आहे. पुढें १९१४-१८ च्या महायुद्धांत फ्रान्सच्या खंदकांतील शिपाई इंग्लंडास ‘ब्लायटी’ म्हणूं लागले. आणि जीव न घेतां घरीं पाठवील अशा जखमेस ‘ब्लायटी वन’ म्हणूं लागले. आम्ही परक्याच्या देशास जो शब्द लावला, तोच त्या परक्यांनीं आपल्या घराची ओढ व्यक्त करण्यास घेतला.

नाशिकजवळील देवळालीचें नांव तर वेडाचा पर्याय होऊन बसलें. मुदत संपलेले शिपाई मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणींत राहत. काम नाहीं, उष्मा, दारू आणि घरची ओढ. त्यांतून कित्येकांचें वर्तन विक्षिप्त होई. ह्यास ‘डूलाली टॅप’ म्हणत. ह्यांतील ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. फ्रँक रिचर्ड्स ह्या जुन्या शिपायानें १९३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या हिंदुस्थानांतील आठवणींत ह्याची हकीकत दिली आहे. पुढें ‘टॅप’ गळाला, ‘डूलाली’ उरलें. आणि देवळाली नकाशावर दाखवितां न येणारीं इंग्रज माणसेंही तो शब्द सहज वापरतात.

(४)

दुसरा झरा ह्याहून पुष्कळ जुना व अधिक गुप्त आहे. रोमानी लोक मूळचे हिंदुस्थानचे. युरोपांत भटकतांना त्यांनीं आपली आर्यकुलोत्पन्न भाषा बरोबर ठेविली. तींतील ‘फ्राल’ म्हणजे भाऊ. संस्कृत ‘भ्रातृ’शीं त्याचें नातें स्पष्ट आहे. इंग्लंडांत त्याचें ‘पाल’ झालें, व तो सोबती ह्या अर्थीं इंग्रजींत रूढ झाला. ह्या शब्दाची जुनी नोंद हेरफर्ड येथील धर्मप्रांताच्या दप्तरांत, १६८२ च्या सुमाराच्या एका जबानींत सांपडते. पोलिसांच्या खबऱ्यास ‘नार्क’ म्हणतात. तो बहुधा रोमानी ‘नाक’ ह्या शब्दावरून आला, व तें नाक म्हणजे आपलेंच नाक. अलीकडे भडक पोषाखाच्या, खालच्या वर्गांतील तरुणास हिणविण्यासाठीं वापरला जाणारा ‘चाव’ हा शब्द रोमानी ‘छावो’, म्हणजे मुलगा, ह्याच्याशीं जोडतात. मराठी ‘छावा’ त्याच कुळांतला होय.

(५)

आतां दंतकथांकडे वळूं. ‘पॉश’ म्हणजे ऐटबाज. विलायतेहून मुंबईस येतांना सावलीची बाजू डावी, परततांना उजवी; श्रीमंत उतारू दोन्हीं वेळां सावलींतील खोल्या घेत, आणि पी. अँड ओ. कंपनी त्यांच्या तिकिटांवर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ ह्यांचीं आद्याक्षरें उठवी, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे, परंतु तसें एकही तिकीट आजवर पुढें आलेलें नाहीं. शिवाय शब्द १९१४ च्या पूर्वींपासून छापील आढळतो. कथा मात्र १९३५ च्या सुमाराची.

पांचशें पौंडांस ‘मंकी’ म्हणतात. हिंदुस्थानांतील पांचशें रुपयांच्या नोटेवर माकडाचें चित्र होतें, त्यावरून हें नांव पडलें, असें पुष्कळांस वाटतें. नोटांच्या संग्राहकांस अशी नोट ठाऊक नाहीं. त्यांतून सरकारी नोटांचा कायदा १८६१ चा, आणि शब्द १९ व्या शतकाच्या पूर्वार्धांतला! ‘चाव’ हीं एका शिवीवजा वाक्याचीं आद्याक्षरें होत, ही समजूतही ह्याच मासल्याची. आद्याक्षरांवरून शब्द बनविण्याची चाल मुख्यतः विसाव्या शतकांतली. तत्पूर्वींच्या शब्दास अशी व्युत्पत्ति कोणीं लाविल्यास ती संशयित समजावी.

(६)

बखर आणि अस्सल पत्र ह्यांतील भेद आमच्या वाचकांस नव्यानें समजावून देण्याचें कारण नाहीं. ‘पॉश’ची कथा ही बखर होय; हेरफर्डची जबानी हें अस्सल पत्र. शब्दाची सर्वांत जुनी मितीवार नोंद कोणती, ती कोणाच्या तोंडची, आणि कथा शब्दाहून अर्वाचीन तर नाहीं ना, हे तीन प्रश्न विचारले कीं बहुतेक दंतकथा गळून पडतात. ऑक्सफर्डचा महाकोश, एरिक पार्ट्रिज ह्यांचा १९३७ चा कोश आणि जोनाथन ग्रीन ह्यांचा २०१० चा त्रिखंडात्मक कोश ह्यांचें खरें बळ व्युत्पत्तींत नसून जुन्या नोंदी जमविण्यांत आहे.

ह्यांतून आमच्या संग्राहकांस एक विनंति करावीशी वाटते. ‘पाल’ शब्द राजपत्रांत सांपडला नाहीं, सामान्य माणसाच्या जबानींत सांपडला. आमच्या महजरांत व निवाडपत्रांत साक्षीदारांचे बोल पुष्कळदां जसेच्या तसे उतरलेले असतात. छावणीच्या बाजारचे हिशेब, बुटलेरांच्या वह्या, शिपायांचीं पत्रें ह्यांतही अशी बोली दडलेली असते. सनद तेवढी ठेवून हे कपटे रद्दींत घालण्याची चाल आहे. तसें न करतां असा कागद मितीसह जपावा, व त्यांतील अनोळखी शब्द ‘अशुद्ध’ म्हणून नकलेंत सुधारूं नये. राजांचीं पत्रें जपणारे पुष्कळ आहेत. ज्यांनीं हे शब्द घडविले त्यांचें दुसरें स्मारक नाहीं.