बाटलीवरचा चौकोन

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत लोखंडाचा रस साच्यात ओतताना बघायला कुणालाही आवडतं. पण मला जास्त नवल वाटतं ते त्यानंतरचं, रस गोठून कास्टिंग घट्ट झाल्यावरचं. बाहेरून ते निपचित दिसतं, आत मात्र अणू जागा बदलत असतात. शुद्ध लोखंडाच्या अणूंची मांडणी 912 अंश सेल्सिअसच्या वर एक असते, त्याखाली दुसरी. वितळण्याचं नाव नाही, तरी जुनी रचना मोडून नवी उभी राहते. पोलादाची लालभडक तार अंधारात निवू दिली, तर विझत विझत ती क्षणभर पुन्हा उजळते! नवी मांडणी घेताना आतून बाहेर पडलेल्या उष्णतेचा तो उजेड. विल्यम बॅरेट यांनी 1873 मध्ये हे नोंदवलं.

घन पदार्थ घन राहूनच बदलतो आणि तो बदल डोळ्यांना दाखवतो. याचं त्याहून नाजूक रूप भट्टीपासून फार दूर नाही. फाउंड्रीतल्या कामगाराच्या बाळाला पोलिओचा डोस पाजायला सिस्टर जी बाटली बाहेर काढतात, तिच्या लेबलवर ते आहे. जांभळा गोल आणि त्यात फिकट चौकोन. आरोग्य कर्मचारी त्याला ‘व्हीव्हीएम’ म्हणतात, म्हणजे व्हॅक्सीन व्हायल मॉनिटर. पोलिओच्या थेंबांच्या बाटल्यांवर तो 1996 मध्ये आला.

गोल नुसता छापील आहे. चौकोन मात्र सतत काम करत असतो. त्यात डायअ‍ॅसिटिलीन वर्गातल्या रेणूंचे बारीक, रंगहीन स्फटिक असतात. कवायतीला उभी असलेली पोरं जागा न सोडता शेजाऱ्याचा हात धरतात, तसे हे रेणू रांगेतच एकमेकांना जोडले जातात आणि त्यांची लांब साखळी होते. द्रावण नाही, वितळणं नाही. रेणूंमधलं अंतर आणि त्यांचा कल बरोबर जुळला तरच हे घडतं. जर्मनीत गेरहार्ड वेग्नर यांनी 1969 मध्ये ही घनावस्थेतली जोडणी उलगडून दाखवली.

पण रंग कुठून येतो? साखळीत कार्बनचे एकेरी, दुहेरी आणि तिहेरी बंध ठरावीक क्रमाने येतात. त्यामुळे इलेक्ट्रॉन एका बंधात अडकून राहत नाहीत, साखळीभर पसरतात. सुट्या रेणूला दृश्य प्रकाश शोषता येत नाही, म्हणून तो रंगहीन. लांब साखळीला कमी ऊर्जेचा प्रकाशही पुरतो, म्हणून ती गडद. अशा साखळ्यांची आणखी एक गंमत आहे. यातल्या कित्येक पॉलिमरचा निळा स्फटिक तापवला की लाल होतो. बाजूच्या शाखांची शिस्त बिघडते, मधला सपाट कणा किंचित पिळला जातो, इलेक्ट्रॉनांचा पसारा आखडतो आणि 640 नॅनोमीटरच्या आसपासचं शोषण सरकून 540 च्या आसपास येतं. पदार्थ तोच, कण्याला पडलेला पीळ तेवढा नवा.

लेबलवरचा चौकोन मात्र पिळामुळे नाही, जोडणी वाढत गेल्याने गडद होतो आणि या जोडणीचा वेग तापमानावर ठरतो. उन्हात भराभर, फ्रीजमध्ये अगदी हळू. शिवाय ही वाट एकेरी आहे. बाटली परत बर्फात ठेवली तरी चौकोन फिकट होत नाही. कारखान्यापासून आरोग्य केंद्रापर्यंत बाटलीने सोसलेल्या सगळ्या उष्णतेची बेरीज त्यात उमटते. पोलिओची लस नाजूक, म्हणून तिचा चौकोन 37 अंशांना साधारण दोन दिवसांत गडद होतो. टिकाऊ लसींसाठीचा एक प्रकार त्याच तापमानाला 30 दिवस आणि 25 अंशांना 193 दिवस घेतो. रसायन कसं निवडायचं हे ज्यांनी ठरवलं, त्यांचं मला फार कौतुक वाटतं. वीज नाही, बॅटरी नाही, वाचता येण्याचीही गरज नाही.

भारतात पल्स पोलिओ मोहीम 1995 मध्ये सुरू झाली आणि 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. या काळात खेडोपाडी, ऊन डोक्यावर घेऊन शीतपेट्या फिरल्या. त्यातली कोणती बाटली वापरायची आणि कोणती बाजूला ठेवायची, हे सांगायला हा चौकोन मदतीला आला.

तो फक्त उष्णतेबद्दल बोलतो. मुदत संपली का, लस गोठून बिघडली का, हे तो सांगत नाही. तरीही पुढच्या वेळी बाळाला डोस द्यायला न्याल, तेव्हा सिस्टरना किंवा आशाताईंना बाटली दाखवायला सांगा. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल आणि मुदत संपलेली नसेल, तर डोस घ्या. गोलाइतका किंवा त्याहून गडद असेल, तर दुसरी बाटली मागा.