सिंगापूरचा ‘वेडा रिडली’

निसर्गाचे नियम ग्रंथांतून नव्हे, निरीक्षण आणि प्रयोगांतून शोधायचे, हा आग्रह फ्रान्सिस बेकनने १६२० मध्ये ‘नोव्हम ऑर्गनम’मध्ये धरला. त्याचं झकास उदाहरण सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डन्समध्ये सापडतं!

लंडनच्या क्यू उद्यानातून १८७७ मध्ये रबराची २२ रोपं इथे आली. मूळ बियाणं ब्राझीलचं. तिथे रबराचा चीक काढायला झाडावर कुऱ्हाडीचे घाव घालत आणि झाड पार खिळखिळं होई.

१८८८ मध्ये हेन्री रिडली उद्यानाचा संचालक झाला. घाव किती खोल घालावा? चीक कोणत्या वेळी जास्त येतो? तर्क लढवत न बसता त्याने झाडांवरच करून पाहिलं. सकाळी चीक अधिक मिळतो, हे दिसलं. जुन्याच चिरेच्या कडेची सालीचा पातळ थर पुन्हा पुन्हा तासला तर चीक वाढतो आणि झाडही जगतं, हेही कळलं.

रबर लावा म्हणत मळेवाल्यांच्या मागे बिया घेऊन फिरणाऱ्या रिडलीला लोक वेडा म्हणत. अखेर १८९६ मध्ये मलाक्काच्या तान चे यान यांनी रबराची लागवड केली. पुढे मलाया जगातला आघाडीचा रबर-उत्पादक झाला. रिडली मात्र शंभरी गाठून १९५६ मध्ये गेला.