मार्सेलिस बंदरांतील दोन दिवस

दवनीवाड्यासारख्या आडगांवांतील मुलेंहि आतां परदेशीं नोकरीस असतात, यांत नवल उरलेलें नाहीं. पॅरिसला मुलाकडे गेलेल्या आईबापांस शनिवार-रविवार मोकळा मिळतो आणि 'कोठें जावें?' असा प्रश्न उभा राहतो. गेल्या वर्षीं आम्हां उभयतांस तो पडला, तेव्हां मीं मार्सेलिसचें नांव घेतलें. ८ जुलै १९१० रोजीं याच बंदरांत 'मोरिया' बोटीच्या गवाक्षांतून स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं समुद्रांत उडी घेतली, हें कोणत्या मराठी घरास ठाऊक नाहीं?

चिरंजीवांनीं दोन दिवसांत पाहावयाच्या चौदा स्थळांची यादी केली होती. आम्हीं ती खोडून एकच नियम केला : अर्ध्या दिवसास एक स्थळ. वृद्धांनीं हाच नियम पाळावा. इफ बेटावरील किल्ला कादंबरीमुळें प्रसिद्ध आहे. परंतु मिस्त्राल नांवाचा वारा जोरानें सुटला कीं तेथील बोटी बंद राहतात. म्हणून सहलीचा भार त्यावर ठेवूं नये.

पॅरिसहून वेगवान गाडी तीन-साडेतीन तासांत सें शार्ल स्थानकावर पोंचविते. स्थानकापुढें शंभरावर पायऱ्यांचा भव्य जिना आहे. गुडघे दुखणारांनीं तो वरूनच पाहावा व भुयारी रेल्वेनें जुन्या बंदराशीं उतरावें. इसवी सनापूर्वीं सुमारें ६०० वर्षें फोकाया येथील ग्रीकांनीं हें नगर वसविलें. फ्रान्समधील जुन्यांत जुनें तें हेंच.

येथेंच आमची चूक झाली. उडीचें स्थळ या जुन्या बंदरांत असेल, अशा समजुतीनें आम्ही सकाळभर धक्क्यावर हिंडलों. वस्तुतः मोठ्या आगबोटींसाठीं एकोणिसाव्या शतकांतच उत्तरेस जोलिएतच्या बाजूला नव्या गोद्या बांधल्या होत्या. तेथें वाटेल त्यास आंत जातां येत नाहीं. परंतु ला माजोर नांवाच्या प्रार्थनामंदिरासमोरील प्रशस्त सज्जावरून तो बंदराचा भाग नीट दिसतो. पहिल्या दिवसाची दुपार याकरितां राखावी.

शाकाहारी मंडळींनीं उपाशी राहण्याचें कारण नाहीं. येथील प्रसिद्ध 'बुयाबेस' माशांचें, म्हणून तें वर्ज्य; परंतु 'पानिस' अवश्य मागावी. हरभऱ्याचें पीठ शिजवून थापतात, कापतात व तळतात. आमच्या पाटवडीची ती सख्खी बहीणच. सौभाग्यवतींनीं एका घासांतच तिची कृति ओळखली! तळणाचें तेल कोणतें, एवढें मात्र विचारून घ्यावें.

रविवारीं सकाळीं नोत्र-दाम-द-ला-गार्द. ही टेकडी सुमारें १५० मीटर उंच असून बस वरपर्यंत जाते. मंदिरांत जहाजांच्या लहान प्रतिकृति टांगलेल्या आहेत. त्या खलाशांनीं फेडलेले नवस होत. दुपारीं शहराच्या दक्षिणेस माझार्ग येथील युद्धस्मशानभूमि पाहावी. १९१४ सालीं हिंदी सैन्य याच बंदरांत उतरलें. त्यांतील मृतांचें स्मारक तेथें आहे. फेब्रुवारी २०२५ मध्यें भारताच्या पंतप्रधानांनीं व फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनीं तेथें पुष्पांजलि वाहिली, आणि त्याच वेळीं शहरांत भारतीय वाणिज्य दूतावासहि उघडला.

शनिवारची एक गोष्ट सांगावयाची राहिली. सज्जावर उभे राहून मीं दहा वर्षांच्या नातवास ती हकीकत सांगत होतों. फ्रेंच भूमीवर पाय लागला कीं इंग्रजांची सत्ता संपते, हा सावरकरांचा हिशेब. पण फ्रेंच शिपायानेंच त्यांस धरून इंग्रजांच्या हवालीं केलें. नातू गोंधळून म्हणाला, "आजोबा, आपल्या पोलिसांनीं असें कां केलें?"

त्या 'आपल्या' शब्दानें मी क्षणभर थबकलों. त्याचा जन्म त्याच देशांतला. त्याचें काय चुकलें? मग मीं त्यास पुढची हकीकत सांगितली. 'ल्युमानिते' पत्रांतून जाँ लाँगे यांच्यासारख्या फ्रेंचांनींच या अन्यायाविरुद्ध आवाज उठविला, आणि प्रकरण हेगच्या लवादापुढें गेलें. २४ फेब्रुवारी १९११ रोजीं निकाल लागला कीं, स्वाधीन करण्यांत अनियमितपणा झाला खरा, तरी कैदी परत करण्याचें बंधन ब्रिटनवर नाहीं.

"म्हणजे आपलींच माणसें आपल्या पोलिसांशीं भांडलीं," नातू म्हणाला. मीं 'होय' म्हटलें. परतीच्या गाडींत त्यानें आपल्या वहींत फ्रेंच भाषेंत कांहीं तरी लिहिलें. मला त्यांतील तारीख तेवढी वाचतां आली.