खाज नेमकी कशाची? सोळा शब्दांचं खान्देशी कोडं

'न्यूयॉर्क टाइम्स'ने जून २०२३ मध्ये 'कनेक्शन्स' नावाचं रोजचं शब्दकोडं सुरू केलं. समोर सोळा शब्द असतात, त्यांतले एकमेकांशी नातं सांगणारे चार-चार शब्द हुडकून चार गट लावायचे. चार चुका झाल्या की डाव संपला. 'नेहमीच्या अॅलर्जी' हा विषय घेऊन असाच पट जळगाव-धुळ्याच्या मातीत मांडून पाहू:

शेंगदाणे, कापूस, बिब्बा, झुरळ, तीळ, केळी, बुरशी, गाजरगवत, दूध, परागकण, मिरची, केसांचा कलप, गहू, वांगं, गादीतले धूळकिडे, नकली दागिने.

पहिला गट: पोटातून. शेंगदाणे, दूध, गहू, तीळ. अॅलर्जी म्हणजे शरीरानेच चुकीचा लावलेला गट. निरुपद्रवी प्रथिनाला ते शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध 'आयजीई' ही प्रतिपिंडं तयार ठेवतं. पुढच्या वेळी तोच पदार्थ पोटात गेला की काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. शेंगदाणा इथला मोठा चकवा आहे, कारण तो पिकांच्या गटातही चपखल बसतो. भरतात दाणे, फोडणीला शेंगदाण्याचंच तेल. खान्देशी स्वयंपाकातून तो वगळणं सोपं नाही. २०१५ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या लंडनच्या 'लीप' चाचणीत तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेल्या बाळांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित खाऊ घातले. पाच वर्षांची होईपर्यंत त्यांच्यातली शेंगदाण्याची अॅलर्जी, तो टाळणाऱ्या मुलांच्या तुलनेत, सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली.

दुसरा गट: नाकातून. धूळकिडे, परागकण, बुरशी, झुरळ. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागत असेल तर रस्त्यावरच्या धुळीआधी गादीकडे पाहावं. धूळकिडे डोळ्यांना दिसत नाहीत; त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा. चादरी, अभ्रे कडक गरम पाण्यात धुतले की फरक पडतो.

तिसरा गट: कातडीतून. गाजरगवत, बिब्बा, कलप, नकली दागिने. इथे आयजीईचा संबंध नाही, पांढऱ्या पेशी काम करतात. म्हणून पुरळ एक-दोन दिवसांनी उठतं आणि खरा गुन्हेगार निसटतो. दागिन्यांत निकेल असतं, काळ्या कलपात पीपीडी हे रसायन. बिब्ब्याचं तेल तर आंबा आणि काजूच्या चिकाचं भाऊबंद. गाजरगवत पुण्यात १९५०च्या दशकात नोंदवलं गेलं आणि पुढे बांधाबांधावर पसरलं. त्यातलं पार्थेनिन हे रसायन वाळलेल्या पानांच्या भुग्यासोबत उडतं, म्हणून शेतकऱ्याच्या पापण्या, मान आणि कोपराच्या घड्या आधी चिघळतात. उपटायचंच तर फुलं येण्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून.

चौथा गट: खान्देशची पिकं. मिरची, वांगं, कापूस, केळी. यांनी त्रास होतो, पण दर वेळी ती अॅलर्जी नसते. दोंडाईचाच्या मिरची बाजारात येणारा ठसका मिरचीतल्या कॅप्सेसिनचा. ते थेट मज्जातंतूंना डिवचतं आणि कुणालाही सोडत नाही. वांग्यात मुळातच खाज आणणारं हिस्टॅमिन थोडं असतं, त्यामुळे भरीत खाऊन तोंड खाजलं तरी अॅलर्जी असेलच असं नाही. जिनिंग आणि सूतगिरणीत छाती आवळते ती कापसाच्या धुळीतल्या जिवाणूंच्या विषामुळे. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी हा त्रास जास्त जाणवतो. केळ्याची गोष्ट उलटी: ज्यांना रबरी हातमोज्यांची अॅलर्जी आहे, त्यांतल्या काहींना केळंही सोसत नाही, कारण दोन्हींतली प्रथिनं सारखी दिसतात.

दूधही चौकटीबाहेर डोकावतं. दुधाने पोट फुगत असेल तर बहुधा लॅक्टोज पचत नसतं; तिथे प्रतिकारशक्तीचा हात नसतो.

म्हणून नुसत्या आयजीईच्या रक्ततपासणीवर विसंबून अर्धी थाळी रिकामी करू नये. आयजीई सापडलं म्हणजे शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली एवढंच कळतं. तो खाल्ल्यावर त्रास होतोच असं त्यातून सिद्ध होत नाही. काय खाल्लं, किती वेळाने काय झालं हे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावं. निदानाचा अर्धा भाग त्यातच असतो. आणि खाल्ल्यावर श्वास लागला, घसा आवळला, चक्कर आली तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा. तिथे जीव वाचवतं ते अॅड्रेनलिनचं इंजेक्शन. घरातली खाजेची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.