पोलिसांच्या आधी आशाताई

रिसोड किंवा मानोऱ्याकडच्या खेड्यात रात्री कुणी बेभान झालं, जीव द्यायची भाषा बोलू लागलं, की गर्दीतून दोनच सल्ले येतात : बांधून ठेवा, नाहीतर पोलीस बोलवा. तिसरी वाटही वाशिम जिल्ह्यात आहे आणि ती अशा रात्रीच्या कितीतरी आधी सुरू होते.

शेतकरी आत्महत्यांमुळे राज्य शासनाने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला; वाशिम त्यातलाच. त्यात आशाताई, म्हणजे ‘आशा’ आरोग्यसेविका, घरी येते. झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का, असे ठरलेले प्रश्न विचारते. काळजीचं वाटलं तर माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवते. ती गावातलीच असते. कुणाचं सोयाबीन गेलं, कुणावर सावकाराचं देणं आहे, हे तिला ठाऊक असतं, म्हणून तिच्यापाशी माणूस बोलतो. वर्दीपुढे तोच गप्प होतो. आपण गुन्हेगार ठरलो असं त्याला वाटतं.

तो गुन्हेगार नाही. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की, जीव देण्याचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच मानायचं. उलट सिद्ध झाल्याखेरीज त्याच्यावर खटला नाही. मनोरुग्णाला पोलिसांनी संरक्षणात घेतलं, तरी कोठडीत ठेवता येत नाही. जास्तीत जास्त २४ तासांत त्याला सरकारी रुग्णालयात न्यावंच लागतं.

गावपातळीवरची अशी मदत पोहोचते का? शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा उपक्रम १८ महिने चालला. नैराश्य असलेल्यांपैकी आधी जेमतेम ४.३ टक्के लोक उपचारांपर्यंत जात, नंतर २७.२ टक्के जाऊ लागले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाणही ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं.

आणि प्रत्यक्ष ती रात्र? गर्दी पांगवा. विश्वासातल्या एकानेच हळू आवाजात बोलावं. माणसाला एकटं सोडू नये. फवारणीची औषधं घरातून हलवून कुलपात ठेवा. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. इजा झाली असेल तर १०८ची रुग्णवाहिका. हातात कोयता असेल तर पोलीस लागतीलच, पण फोनवर पहिलं वाक्य ‘माणूस आजारी आहे’ हेच असावं.

पुढच्या आठवड्यांत आशाताईने पुन्हापुन्हा त्या घरी जायला हवं. तिच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक ठरतो. या फेऱ्या त्यात मोजल्या गेल्याच पाहिजेत.